कुणाला काय मानवतं

बार्शीच्या आमच्या घरात रात्री अकरा ताटं पडायची आणि चुलीवर आमटी एकच असायची. तरी कुठल्याही दोन ताटांत सारखं वाढलेलं नसायचं. आण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या वाटीत वरचं पाणी जास्त आणि डाळ कमी, कारण तुरीनं त्यांचं पित्त खवळायचं. मधल्या काकांच्या ताटात वांग्याची फोड चुकूनही जायची नाही. गेली तर दुसऱ्या दिवशी ते कोपर खाजवत बसायचे. मला ताक दुपारी, रात्री नाही. ताईला भाकरी कडक, धाकट्या काकांना मऊ, दुधात कुस्करून. आज्जी यातलं काही बोलून दाखवत नसे. वाढताना पळी पातेल्यात किती खोल बुडवायची, एवढ्यावर तिचं सगळं चालायचं.

पाहुणा आला की मात्र विचारायची, "तुम्हाला मानवतं न्हवं?"

हा शब्द गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात घोळतोय. बाजरी चांगली, वांगं वाईट, असं आपण पदार्थाबद्दल बोलतो तेव्हा खाणारा कुठेच नसतो. पण मानवतं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाला? बाधतं, सोसतं, पचतं, उष्ण पडतं, अंगी लागतं, या सगळ्यांचं तसंच. त्यांना 'मला', 'तुला', 'त्याला' असं कुणीतरी आधी लागतंच. हल्ली ज्याला व्यक्तिगत आहार म्हणतात आणि ज्याच्या नावावर भरपूर पैसे घेतात, तो आमच्या घरात व्याकरणातच होता.

पैसे घेतात हे स्वानुभवावरून सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.२ आलं. म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा हिशोब. ५.७ ते ६.४ हा काठ, त्यापुढे मधुमेह. मी काठावर उभा होतो. माझं वजन ६४ किलो, उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. ऑफिसात मला 'काडी' म्हणतात. शुगर जाड माणसांना होते, अशी माझी पक्की समजूत होती आणि त्या समजुतीच्या जोरावर मी वीस वर्षं सकाळी पोहे, उपमा आणि वर दोन कप गोड चहा रिचवत आलो होतो.

ही समजूत ज्यांनी मोडीत काढली, ते डॉक्टर पुण्याचेच. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा पिढ्यान्पिढ्या अभ्यास केला. त्यातून दिसलं की आपली बाळं वजनाला हलकी जन्मतात, हातापायांनी काटकुळी असतात, पण चरबी मात्र राखून असतात. वर किडकिडीत, आत चरबी. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. तो फोटो मी फोनवर मोठा करून बराच वेळ बघत होतो. माझा स्वतःचा बीएमआय २२.८ निघाला, आणि शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या गुंडीमागे काय आहे हे मला माहीत होतं. तक्त्यातली 'नॉर्मल'ची रांग कुणाला मोजून आखली असेल, असा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

तर पैसे. घाबरलेला माणूस पहिल्या महिन्यात काहीही विकत घेतो. मी थुंकीचा नमुना कुरिअरने पाठवून 'तुमच्या जनुकांप्रमाणे आहार' असा चाळीस पानी अहवाल मागवला. त्यात मला काय मानवेल याची यादी होती: किन्वा, ॲव्होकॅडो, ब्लूबेरी, ऑलिव्ह तेल. माझे पणजोबा बार्शीच्या भुसार बाजारात हमाली करायचे. त्यांच्या जनुकांना ब्लूबेरी कधी भेटली असेल? यादीत ज्वारी नव्हती. करडईचं तेल नव्हतं. जवस नव्हतं, कारळं नव्हतं, हुलगा नव्हता. मी तो अहवाल कपाटावर टाकला. आमची ही म्हणाली, "रद्दीत चांगला जाईल, कागद जाड आहे."

त्यानंतर डॉक्टरांशी बोलून दंडावर लावायचा सेन्सर घेतला. दहा रुपयांच्या नाण्याएवढी चकती. मधून केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि तिथल्या पेशींमधल्या पाण्यातली साखर दर काही मिनिटांनी मोजते. रक्तापेक्षा हा आकडा थोडा मागे चालतो. सेन्सर चौदा दिवस टिकतो. दोनांचा संच स्वस्त पडत होता म्हणून दोन आणले आणि दुसरा हिला म्हटलं, तू लाव.

"मला काय धाड भरलीय!" ती म्हणाली. "माझं जेवण मोजून कुणाला काय कळणारे?"

नेमकी त्याच आठवड्यात ताई लातूरहून गुडघा दाखवायला आली होती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, अंगानं माझ्या दीडपट, साखर अजूनपर्यंत बरी. तिला असल्या गोष्टींची हौस फार. तिनं बाही वर केली आणि म्हणाली, "लाव. कोण जिंकतंय बघू."

पहिल्या रात्री दोन वाजता माझा फोन बोंबलायला लागला. साखर ५८. मी घामाघूम होऊन उठलो, साखरेचा डबा शोधला. मग कळलं की मी डाव्या कुशीवर, सेन्सरवरच झोपलो होतो. तिथली जागा दाबली गेली की आकडा खोटाच खाली दाखवतो. बोटाला टोचून बघितलं तर ९९. म्हणजे यंत्रालाही कुशी मानवत नव्हती.

सकाळी पोहे. दोघांनाही वजनकाट्यावर मोजून सारखेच, एकाच कढईतले, शेंगदाणे मोजून. माझी साखर १०४वरून निघाली आणि पन्नास मिनिटांत १८७वर पोहोचली. स्क्रीनवर ती रेघ हरिश्चंद्रगडाच्या कड्यासारखी दिसत होती. ताईची ९६वरून १३२, आणि मग उतार. तिनं मला टाळी मागितली. दुसऱ्या दिवशी केळं. एकाच फण्यातली दोन केळी, एकाच वेळी सोललेली. मी १०४वरून १२८. ताई १६३. तिचा चेहरा पडला. गेली दहा वर्षं सकाळी फक्त केळं आणि दूध घेऊन ती डाएट करत होती.

एका आईची आम्ही दोन लेकरं, लहानपणी एकाच ताटात जेवलेली.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेत एरन सेगल आणि एरन एलिनाव्ह यांच्या गटानं २०१५ साली हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. ८०० माणसं, आठवडाभर असेच सेन्सर, ४६,८९८ जेवणं. कुणाची साखर केळ्यानं उसळली आणि बिस्किटानं हलली नाही, कुणाचं बरोबर उलटं. एका बाईची साखर टोमॅटोनं चढत होती. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या टिम स्पेक्टर यांच्या गटानं जुळ्यांवर काम केलं, तर एका बीजाची जुळी भावंडंसुद्धा एकाच जेवणाला वेगवेगळं उत्तर देताना दिसली. आतड्यातले जिवाणू, झोप, जेवणाची वेळ, आदल्या दिवशीची हालचाल, सगळ्यांचा त्यात हात.

आपण ज्या तक्त्यांवर विसंबतो, अमक्या धान्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे ते खाल्ल्यावर साखर किती चढते त्याचा आकडा, इतका, ती कल्पना टोरांटोच्या डॉ. डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ साली मांडली. हा आकडा काढायला साधारण दहा माणसांना तो पदार्थ खाऊ घालतात आणि सरासरी घेतात. आकडा खोटा नसतो, पण त्या दहांत मी नव्हतो, ताईही नव्हती. आणि सरासरीच्या पोटाला कुणी पोहे वाढत नाही.

इथवर मी फार खुशीत होतो. वहीत दोन रकाने आखले होते, 'मानवतं' आणि 'बाधतं', आणि पोह्यांपुढे लाल फुली मारली होती. दुसऱ्या आठवड्यात त्याच वारी, त्याच कढईतले, तेवढेच पोहे पुन्हा खाल्ले. १४९.

मी सेन्सर बडवून बघितला.

पहिल्या वेळी आदल्या रात्री दीडपर्यंत जागलो होतो, ऑफिसचं क्लोजिंग होतं. दुसऱ्या वेळी दहाला झोपलो होतो आणि आदल्या संध्याकाळी पर्वती चढून आलो होतो. पदार्थ तोच, माणूसही तोच, फक्त कालचा दिवस वेगळा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनीही माणसांना दवाखान्यात ठेवून तेच जेवण आठवडाभराच्या अंतरानं पुन्हा दिलं, तेव्हा एकाच माणसाचे आकडे असे खालीवर नाचले होते. तेव्हा दोनच आठवड्यांच्या रेघांवरून 'हा तुमचा आहार' असं छापून देणाऱ्यांकडे मी आता जरा तिरक्या नजरेनंच बघतो. फुली मारायला घाई नको. आज्जीनं मधल्या काकांचं वांगं तोडलं ते तीन-चार पावसाळे बघून.

आज्जीचं सगळं बरोबर होतं असं मात्र म्हणत नाही. तिच्या लेखी चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे हलका आहार. माझी रेघ खिचडीनं हळूहळू चढली आणि तीन तास वरच तंबू ठोकून बसली. साबुदाणा म्हणजे नुसता कंदाचा स्टार्च, त्यात प्रथिनं नावाला, तूप आणि दाणे त्याला फक्त रेंगाळायला लावतात. बाळंतिणीला पपई नाही, गर्भारपणी अमुक नाही, ताप आला की पाणी कमी, असंही पुष्कळ काही तिच्याकडे होतं. त्यातलं कुठलं बघून ठरलेलं आणि कुठलं तिच्या सासूनं सांगितलं म्हणून चालत आलेलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

आमच्या सोसायटीत एक वयस्कर वैद्य राहतात. संध्याकाळी बाकावर बसलेले असतात. त्यांना मी दंड दाखवला, रेघा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, चरकानं त्याच्या संहितेच्या विमानस्थान या भागात खाण्याबद्दल आठ गोष्टी सांगितल्यात, मोजा. बोटांवर मोजून दाखवल्या: पदार्थाची प्रकृती, त्यावर केलेली क्रिया, कशाबरोबर खाल्लं, किती खाल्लं, कुठल्या प्रदेशात, कुठल्या वेळी, कुठल्या रीतीनं. "आणि आठवा उपयोक्ता. म्हणजे खाणारा. त्याला कशाची सवय आहे, काय सात्म्य झालंय, म्हणजे अंगवळणी पडलंय, ते त्याच्यावर अवलंबून. कोकणातल्या माणसाला भात आणि तुमच्या सोलापूरकडच्याला ज्वारी. तुमच्या मशीनमध्ये यातलं कितवं दिसतं?" मी म्हटलं, सगळ्यांची बेरीज दिसते. त्यावर ते हसले. मग त्यांनी मला स्वतःची साखर सांगितली. माझ्यापेक्षा जास्त होती. संध्याकाळी बाकावर बसून त्यांचा फरसाण चालतो.

शेवटी माझ्या कामाला आल्या त्या साध्याच गोष्टी. पहिली, ताटातला क्रम. आपल्या पंगतीत पहिला वाढा भाताचा. वरण, तूप, लिंबू, आणि 'जय जय रघुवीर' झालं की भुकेल्या पोटात सगळ्यात आधी तोच पडतो. कोशिंबीर डाव्या बाजूला, मधूनच तोंडी लावायला. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मधुमेह असलेल्या ११ जणांवर एक छोटा प्रयोग केला होता. तेच जेवण, पण एकदा ब्रेड आधी आणि एकदा भाजी-मांस आधी. भाजी-मांस आधी खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. अकराच माणसं, पण हे करून बघायला पैसे पडत नाहीत. मी ताटाची डावी बाजू आधी संपवायला लागलो. काकडीची कोशिंबीर, मग उसळ, मग भाकरी, भात उरलाच तर शेवटी ताकाबरोबर मूठभर. आई तेव्हा आमच्याकडेच होती. चार दिवस तिनं बघितलं आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "अरे, भुकेजलेला माणूस आधी गवत खातो का?" पण माझी रेघ कड्याची टेकडी झाली होती.

दुसरी, शतपावली. नावात शंभर आहेत, माझी पंधरा मिनिटांची होते. जेवणानंतर पाय हलले की मांडीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्याला इन्सुलिनची फारशी मनधरणी करावी लागत नाही. ज्या रात्री चाललो आणि ज्या रात्री मॅच बघत बसलो, त्यांच्या रेघांत डोळ्यांना दिसेल एवढा फरक.

आणि तिसरी, रात्री ज्वारीची भाकरी. मंगळवेढ्याची मालदांडी, तीही जरा जाडसर दळलेली. हे माझं, ताईला भाकरीचा एवढा फरक पडला नाही. ती केळं सोडून सकाळी उकडलेली मटकी खायला लागली आणि आता फोनवर मलाच सल्ले देते.

२०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे आकडे आले होते: देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणि माझ्यासारखे काठावरचे १३ कोटी ६० लाख. एवढ्या सगळ्यांच्या दंडावर चकत्या चिकटवणं होणार नाही, आणि व्हायलाही नको. पण एवढ्या सगळ्यांच्या घरी कुणीतरी वाढणारं असतंच. निदान होतं. आज्जीकडे चकती नव्हती, पण तिचं बघणं चौदा दिवसांनी संपत नव्हतं. कोण ढेकर देतंय, कोण ताट लवकर सारतंय, कोण रात्री उठून पाणी पितंय, सगळं तिच्या कानात असायचं.

१९९४च्या उन्हाळ्यात ती पडली. अन्न जाईना, पोट दुखायचं. दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, आमच्याच भागातले. त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, आजींना घरी काय काय चालतं? काय बाधतं? कॉटभोवती दोन मुलगे, तीन सुना, मी, ताई. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आण्णांचं विचारलं असतं तर आई झोपेत सांगती. काकांचं मलाही सांगता आलं असतं. आज्जी सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर, चुलीपाशी, पातेल्यातच भाकरी कुस्करून जेवायची. तिच्या ताटात काय पडतं ते कुणी बघितलं नव्हतं, कारण तिला ताटच नव्हतं. डॉक्टरांनी मग तिलाच विचारलं. ती आईकडे बघून म्हणाली, "सगळं चालतंय मला." डॉक्टरांनी कागदावर तसंच लिहिलं.

माझ्या साखरेचं पुढं बरं झालं. सेन्सर काढून तीन महिने झाले तेव्हा एचबीएवनसी ५.८ आलं. डॉक्टर म्हणाले असंच ठेवा. असंच ठेवणं म्हणजे रोज संध्याकाळी कोशिंबीर चिरणं, उसळीला मोड आणणं, सातच्या सुमाराला भाकऱ्या थापणं. यातलं मी काहीच करत नव्हतो. मी चालत होतो. ऑफिसात माझी रेघ सगळ्यांना दाखवून झाली होती.

मागच्या जुलैत एकदा शतपावलीला निघालो आणि कोपऱ्यावरच पावसानं गाठलं, तसा पाच मिनिटांत परत आलो. चपला दारातच काढल्या, आत आलो. स्वयंपाकघरात दिवा होता. ही ओट्याला टेकून उभी होती, कुकरचं भांडं हातात, आणि त्यातला दुपारचा भात ताकात कालवून खात होती. माझ्या डब्यातली भाकरी झाकलेली तशीच होती, एक माझी, एक तिची.

"हे काय? भाकरी?"

ती दचकली, मग हसली. "मला रात्री ज्वारी नाही मानवत हो. करपट ढेकरा येतात, झोप लागत नाही."

"कधीपासून?"

"चिपळूणहून आले तेव्हापासून."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली आमच्या. मी ओट्याजवळ ओल्या पायांनी उभा होतो. तिनं भांड्याच्या कडेचा भात बोटानं निपटून घेतला, मिठाच्या बरणीचं झाकण लावलं, आणि माझ्याकडे बघत विचारलं, "चाललात नाही वाटतं आज? किती आली साखर?"